डोळ्यांपुढें चित्र उभें राहणें

मराठी ग्रंथपरीक्षणांत एक वाक्य इतकें रुळलें आहे कीं, तें लिहितांना परीक्षकाची लेखणी क्षणभरहि थबकत नाहीं : ‘लेखकाच्या वर्णनशैलीनें तो प्रदेश वाचकाच्या डोळ्यांपुढें मूर्तिमंत उभा राहतो.’ हें वाक्य मीं स्वतः अनेकदां लिहिलें आहे. शिक्षकी पेशांत असतांना निबंधांच्या वह्यांवर ‘चित्र उभें राहत नाहीं’ असा शेरा मारून मुलांचे गुणहि कापले आहेत. हें वाक्य खोटें आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. तें अपुरें आहे, आणि त्या अपुरेपणामुळें आपल्या टीकेची व कधीं कधीं आपल्या माणसांचीहि हानि होते, एवढेंच सांगावयाचें आहे.

निमित्त झालें तें असें. गेल्या श्रावणांत आम्ही उभयतां चार दिवस लोणावळ्यास होतों. तेथून सुमारें पंधरा किलोमीटरांवर असलेल्या राजमाचीस जाण्याचा बेत पावसानें मोडला. खिडकीबाहेर धुक्यापलीकडे कांहीं दिसेना. तेव्हां राजमाचीवर घडणारी गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी आळीपाळीनें मोठ्यानें वाचावयास घेतली. मुंबई सोडून आपल्या जन्मभूमीच्या ओढीनें माचीवर परतलेल्या एका म्हाताऱ्याची ही कथा. दांडेकर (१९१६–१९९८) मावळांतच, तळेगांव दाभाडे येथें, दीर्घकाळ राहिले. या डोंगरांशीं त्यांचें सख्य पायीं जोडलेलें होतें.

माचीचें वर्णन संपतांच मी सहज म्हणालों, “श्रीवर्धन, मनरंजन, खालचें उल्हासेचें खोरें, सारें कसें समोर दिसतें, नाहीं?” पत्नी म्हणाली, “मला कांहींच दिसत नाहीं. तुम्हांला खरोखर दिसतें?” मला ती थट्टा वाटली. पण तिचें म्हणणें असें कीं, ‘पोटांत कावळे ओरडतात’ म्हणून कोणाच्या पोटांत जसे कावळे नसतात, तसेंच ‘डोळ्यांपुढें चित्र’ हीहि केवळ बोलण्याची रीत आहे, असें ती जन्मभर समजत आली. तिला आंतून दिसत नाहीं, ऐकूं येतें. मनांत वाचलेलें प्रत्येक वाक्य कोणीतरी उच्चारतें. बुधाचा आवाज वेगळा, निवेदकाचा वेगळा. माझें नेमकें उलट. मी मुकाट्यानें वाचतों तेव्हां आंत पूर्ण शांतता असते. वाक्यें येतात आणि चित्रें होऊन विरून जातात. एका घरांत तीस वर्षें काढून, तींच पुस्तकें वाचून, हें आम्हांला ठाऊक नव्हतें.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. बारा वर्षांपूर्वीं तिची आई गेली, त्यानंतर महिन्याभरांतच ती म्हणाली होती, “आईचा चेहरा मला आठवत नाहीं.” मी बोललों कांहीं नाहीं, पण हें कसलें कोरडें अंतःकरण, असें मनांत आलें आणि तेथेंच राहिलें. लोणावळ्याच्या त्या रात्रीं तिनें सांगितलें कीं, आईची हांक, दारांतून येतांनाचा खोकला, ओवी म्हणतांना लांबणारें शेवटचें अक्षर, हें सारें तिला रोज ऐकूं येतें. ज्या कसोटीवर मी मुलांचे निबंध तपासले, त्याच कसोटीवर मीं तिचें दुःखहि तपासलें होतें.

हा भेद एका घरापुरता नाहीं. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडितानें लोकांना आपलें त्या सकाळचें न्याहारीचें टेबल मनांत आणून त्याचा उजेड, स्पष्टपणा व रंग कसा दिसतो तें कळविण्यास सांगितलें. कित्येकांनीं तें प्रत्यक्षासारखें स्पष्ट दिसतें म्हणून लिहिलें. त्याच्या ओळखीच्या अनेक शास्त्रज्ञांनीं मात्र ‘मनश्चक्षु’ हा निव्वळ अलंकार आहे असें उत्तर दिलें. माझ्या पत्नीचेंच उत्तर तें! असें चित्र मुळींच न दिसण्याला अ‍ॅडम झेमन व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ साली ‘अफँटेजिया’ हें नांव दिलें. पुढें २०२४ साली योहान नेडरगार्ड व गॅरी लुपियन या संशोधकांनीं दुसऱ्या बाजूचा शोध घेतला. ज्यांच्या मनांत आंतला आवाज फारसा नसतो, त्यांना शब्द ध्यानांत ठेवणें आणि यमक ओळखणें तुलनेनें जड जातें, असें त्यांना आढळलें. तीस वर्षें कवींच्या यमकांवर ताशेरे झाडणाऱ्या माझ्यासारख्यानें यावर अधिक न बोलणें बरें.

आतां कादंबरीकडे वळूं. मला जें चित्र ‘दिसलें’, तें कोणाचें होतें? तारुण्यांत मी राजमाचीवर गेलों होतों. लेखकानें माचीचें नुसतें नांव घेतलें, आणि माझ्या आठवणीनें आपली जुनी तसबीर पुढें केली. तिचें श्रेय मीं शैलीला देऊन टाकलें आणि प्रत्यक्ष शैलीकडे पाहिलेंच नाहीं. पत्नीजवळ अशी तसबीर नसल्यामुळें तिला शब्दांपाशींच थांबावें लागलें. या गद्याची चाल सांगणाऱ्या माणसाची आहे, हें तिनें दाखविलें. तें श्वासाच्या बेतानें थांबतें. झाडांची, पांखरांची, वाटांची नांवें ओळखीच्या माणसांना हांक मारावी तशीं घेतें. आणि एकट्या पडलेल्या बुधाला जनावरांशीं, झाडांशीं बोलावयास लावून त्याचें एकाकीपण ऐकवितें. दांडेकर गाडगेमहाराजांच्या सहवासांत वाढलेले, कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेंत मुरलेले लेखक होते. त्यांच्या कन्या वीणा देव व कुटुंबीय यांनीं त्यांच्या कादंबऱ्यांचें अभिवाचन वर्षानुवर्षें केलें आणि श्रोत्यांनीं तें मन लावून ऐकलें, तें उगीच नव्हे. माझी तसबीर काढून घेतली तरी या लेखनांत पुष्कळ उरतें. मीं मात्र नेमकें तेंच टीकेच्या बाहेर ठेवलें होतें.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सिडनी येथील संशोधकांनीं २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भीतिदायक कथा वाचतांना मनश्चित्र नसणाऱ्यांच्या अंगावर भीतीचीं शारीरिक चिन्हें फारशीं उमटलीं नाहींत. भीतिदायक छायाचित्रें पाहतांना मात्र तीं उमटलीं. मग चित्रावांचून वाङ्मय हृदयाला भिडतें असें कसें म्हणावें? हा पुरावा मी टाळीत नाहीं. चित्रावरच सारा भार टाकणारें लेखन अशा वाचकाला रितें वाटत असेल, हें त्यावरून दिसतें. पण त्या प्रयोगांत मोजली ती भीति. बुधाच्या शेवटच्या पानांवर पत्नीचा कंठ दाटला, वाचन थांबलें, आणि पुस्तक मीं हातीं घेतलें, तो अनुभव भीतीच्या मापानें मोजतां येणार नाहीं.

आपल्या शास्त्रकारांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. भूत-भविष्यांतील गोष्टी प्रत्यक्षवत् दाखविणाऱ्या रचनेला त्यांनीं ‘भाविक’ म्हटलें; आणि भर्तृहरीनें वैखरीच्या अलीकडे ‘मध्यमा’ मानली, म्हणजे दुसऱ्याला ऐकूं न येणारी, तरी शब्दांचा क्रम राखणारी, अंतरांतली वाणी. आपण पहिलीचें कौतुक टीकेंत आणलें. दुसरी व्याकरणाच्या ग्रंथांत ठेवून दिली. ‘चित्र उभें राहतें’ हें विधान अर्धें पुस्तकाविषयीं असतें आणि अर्धें वाचकाविषयीं. त्यांतला पुस्तकाचा वांटा कोणता, तो कोणत्या शब्दांनीं व कोणत्या लयीनें पडला, हें सांगितल्याखेरीज परीक्षण पुरें होत नाहीं.

ज्या मुलांचे गुण कापले ते आतां परत देतां येणार नाहींत. यापुढें मात्र तें रुळलेलें वाक्य लिहिण्यापूर्वीं मी तें पान पत्नीकडून मोठ्यानें वाचवून घेणार आहें.