प्रश्न कुणाला विचारला? : देव, ग्रंथ आणि आपली समीक्षा

दलित साहित्याच्या चर्चेत संतांचा विषय निघाला की दोन ठरीव भूमिका समोर येतात. एक म्हणते, चोखोबा हा आमचा आद्य कवी. आमच्या वेदनेचा पहिला उच्चार त्याचा. दुसरी म्हणते, चोखोबा हा देवापुढे नाक घासणारा भक्त; त्याचा आणि आमच्या विद्रोहाचा काडीचाही संबंध नाही. दोन्ही भूमिका घेणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण दोघांच्याही हातातले माप एकच आहे. कवी देव मानतो की नाकारतो, एवढेच ते पाहतात. मानला तर पराभूत, नाकारला तर विद्रोही! माझ्या मते हे मापच अपुरे आहे. देव मानणे आणि ग्रंथ मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजार वर्षे त्या एकाच दोरीने बांधून ठेवल्या गेल्या म्हणून त्या एक दिसतात. ही गाठ कुणी, कधी आणि कशी सोडवली, याचा शोध घेतल्याशिवाय आपल्या परंपरेचे नीट मूल्यमापन होणार नाही.

हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ ग्रंथालयातला नाही. मी ढोकीत राहतो. गोरोबा कुंभाराच्या जुन्या चरित्रांत त्यांच्या गावाचे नाव 'तेरढोकी' असे जोडून येते. तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. ढोकीच्या जवळच कसबे तडवळेही आहे. तेथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. तेर आणि तडवळे ही दोन गावे आमच्याकडे एकाच घरात नांदतात. नातवाला बावीस प्रतिज्ञा पाठ असतात. आजीचा जीव मात्र तेरच्या वारीत अडकलेला असतो. नातू शिकलेला असतो. तो आजीला अडाणी ठरवतो आणि आजी गप्प बसते. आपली समीक्षा चोखोबाविषयी जे बोलते, ते नकळत या आजीविषयीही बोलत असते. म्हणून हा निवाडा घाईने होऊ नये, असे मला वाटते.

चोखोबांच्या नावावरील अभंग एकत्र वाचले की प्रथम जाणवते ती त्यांतील विसंगती. एका प्रसिद्ध अभंगात ते वेदांना, शास्त्रांना, पुराणांना, इतकेच नव्हे तर थेट ब्रह्माविष्णूंनाही विटाळ लावून मोकळे होतात. सारेच विटाळात जन्मले असतील तर सोवळा कोण, असा त्या अभंगाचा रोख आहे. त्यांची पत्नी सोयराबाई हीच गोष्ट देहाच्या अंगाने मांडते. विटाळ ज्यात नाही असा देह दाखवा, असे तिचे आव्हान आहे. चौदाव्या शतकातील, अक्षराला हात लावण्याची बंदी असलेल्या बाईचे हे बोल आहेत! ग्रंथावर शंका घेण्याचे धैर्य आमच्यात पाश्चात्त्य शिक्षणानंतर आले असे म्हणणाऱ्यांनी सोयराबाई वाचावी.

परंतु त्याच चोखोबांच्या नावावर दुसऱ्या तऱ्हेचेही अभंग आहेत. हीन जातीतला जन्म आपल्याच पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ आहे, असे त्यांत मान्य केलेले दिसते. म्हणजे ज्या शास्त्राला एका अभंगात विटाळ लावला, त्याच शास्त्राचा निकाल दुसऱ्या अभंगात मान तुकवून घेतला! काही अभ्यासक येथे लेखनिकाकडे बोट दाखवतात. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपराच सांगते. लेखणी दुसऱ्याच्या हाती असली की काय घडते, हे आपल्याला शिकवायला नको. तरीही सारा दोष लेखनिकावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. हे अभंग पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच वस्त्यांतून टाळावर म्हटले गेले आहेत. शास्त्राचा निकाल आमच्या तोंडून, आमच्याच चालीत गायला गेला, हे वास्तव लेखनिक बदलल्याने बदलत नाही.

या विसंगतीचे मूळ मला संबोधनात दिसते. चोखोबा बोलतात ते विठ्ठलाशी. कोड्यात पडतात, रुसतात, पायरीवर उभे राहून विनवतात, पण समोर असतो तो विठ्ठलच. मग शास्त्राविषयीची शंकादेखील विठ्ठलाच्याच दरबारात मांडली जाते. दरबारात मांडलेल्या तक्रारीला उत्तर मिळते ते कृपेचे. कृपा एकट्याला मिळते. कायदा जिथल्या तिथे राहतो. विठ्ठलाने चोखोबाला जवळ केले अशा कथा गावोगाव सांगितल्या गेल्या, आणि पंढरपूरचे दार मात्र अस्पृश्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. मधली सहा शतके काय म्हणतात? देव प्रसन्न झाला आणि शास्त्र ढळले नाही, असेच ना? चोखोबांचा शेवटही पाहा. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून ते १३३८ मध्ये गेले. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, अशी आख्यायिका आहे. भिंतीवर राबवणाऱ्या व्यवस्थेला त्या आख्यायिकेत जाब विचारलेला नाही.

त्यांचा मुलगा कर्ममेळा एक पाऊल पुढे जातो. त्याचा स्वर विनवणीचा नाही, तक्रारीचा आहे. आमचे आयुष्य उष्ट्यावर गेले याची लाज देवाला वाटली पाहिजे, असे तो म्हणतो. बापाने ज्याला पूर्वजन्मीचे फळ म्हटले, तो मुलाच्या लेखी देवाचा अन्याय आहे. दोष आपल्यावरून देवावर सरकला, ही मोठीच घटना होय. पण संबोधन अजून तेच आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात देव उभा आहे. ज्याच्या आधाराने हे सारे चालले तो ग्रंथ आणि तो वाचून दाखवणारा माणूस अद्याप बाहेरच बसलेला आहे.

ही गाठ प्रथम सोडवली ती एका शाळकरी मुलीने. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आपल्याकडे या निबंधाचा गौरव खूप होतो. त्याची तर्काची बांधणी मात्र फारशी तपासली जात नाही. मुक्ता आरंभी देवालाच आठवते. ती नास्तिक नाही. पण तिचा युक्तिवाद चोखोबांच्या उलट दिशेने चालतो. वेद आमचेच, आम्हीच ते पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. ठीक आहे, मुक्ता म्हणते. मग त्यावरून उघडच झाले की आम्हाला धर्मपुस्तक नाही. आणि वेद जर ब्राह्मणांसाठी असतील तर वेदाप्रमाणे वागणेही ब्राह्मणांनीच करावे; आमच्यावर त्याची सक्ती का? बहिष्काराचाच तिने पुरावा केला. ज्या भिंतीने आम्हाला बाहेर ठेवले त्याच भिंतीने आम्ही आतल्या कायद्यातून सुटलो, हे शाळेची दोनचार वर्षे पाहिलेल्या पोरीने ओळखले. त्यानंतर ती देवाकडे वळते आणि विचारते, की आमचा धर्म कोणता ते तूच सांग. एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी वंचित राहावे असा जो धर्म असेल तो पृथ्वीवरून नाहीसा होवो, असेही ती म्हणते.

येथे संबोधन देवाचे आहे, पण खटला ग्रंथावर आहे. देव साक्षीदार म्हणून बोलावला आहे. याच निबंधात तिने इमारतींच्या पायात तेलशेंदूर पाजून गाडल्या गेलेल्या आपल्या माणसांची आठवण दिली आहे. चोखोबा भिंतीखाली गेले तर लोकांना अस्थींतून नाम ऐकू आले. मुक्ताला पायात गाडलेल्यांकडून ऐकू आला तो इतिहास. श्रद्धा दोघांकडेही होती. फरक पडला तो प्रश्न कुणाला विचारला यामुळे.

मुक्ताने जे विचारले त्याचे सविस्तर उत्तर तिच्या शिक्षकाने आयुष्याच्या अखेरीस लिहिले. जोतीरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी 'देव' हा रूढ शब्द बाजूला सारून 'निर्मीक' हा शब्द वापरला, त्यामागे मोठा विचार आहे. निर्मीकाला दलाल नाही, त्याची मूर्ती नाही, आणि कोणतेही एक पुस्तक त्याने कुणा एका जातीच्या हाती दिलेले नाही. कोणत्याच धर्मपुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत सारखे सत्य नाही, असे म्हणून ते थांबत नाहीत. एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा, आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता नांदावे, असे चित्र ते रेखाटतात. निर्मीकावर पूर्ण श्रद्धा आणि ग्रंथावर पूर्ण अविश्वास! या पुस्तकाचे रूपही ध्यानात घ्या. ते प्रश्नोत्तरांचे आहे. पोथीत प्रश्न विचारला जातो तो शिष्याने गुरूला, आणि उत्तर आले की शंका मिटली असे गृहीत असते. जोतीरावांचे प्रश्नकर्ते अडतात, हरकत घेतात, पुन्हा विचारतात. ग्रंथप्रामाण्य मोडणारे पुस्तक ग्रंथाच्या थाटात लिहिता येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

यावर कुणी म्हणेल, की श्रद्धा ठेवून ग्रंथाची चिकित्सा करायची तर ती गांधीजींनीही केली होती. 'जातिनिर्मूलना'च्या भाषणावर जुलै १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिताना त्यांनी हाच मार्ग सुचवला होता. स्मृतींमध्ये प्रक्षिप्त भाग आहे. जे बुद्धीच्या कसोटीस उतरत नाही वा आत्मानुभवास येत नाही ते देवाचे वचन मानू नये. धर्माची पारख त्यातील संतांवरून करावी. वरवर पाहता हा जोतीरावांचाच सूर वाटेल. पण बाबासाहेबांनी त्यातली मेख दाखवून दिली. कोणता श्लोक अस्सल आणि कोणता प्रक्षिप्त, हे सामान्य माणसाला ठाऊक नसते. त्याला जे सांगितले गेले त्याप्रमाणे तो वागतो. आणि संतांविषयी त्यांचे म्हणणे असे, की संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला; माणूस आणि माणूस यांच्यातील झगड्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. देवाच्या दृष्टीने सारे समान, हे म्हणायला धोका नसतो. माणसे समान आहेत असे म्हटले की पाटलाच्या वाड्यावरून बोलावणे येते.

गांधीजींनी ग्रंथ शुद्ध करून वाचवला. जोतीरावांनी त्याचा अधिकारच काढून घेतला. म्हणून दोघेही ईश्वरनिष्ठ असूनही त्यांना एका पंक्तीत बसवता येत नाही. बाबासाहेब याच्याही पुढे गेले. त्यांनी ग्रंथाबरोबर ईश्वराचाही आधार सोडला आणि धम्म माणसामाणसांतील वर्तनावर उभा केला. तरीही १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांची इतकी कठोर चिकित्सा करणारा माणूस ही अर्पणपत्रिका लिहितो. चोखोबांचा मार्ग नाकारणे आणि चोखोबांना नाकारणे यांतला भेद त्यांना कळत होता. तो आपल्या समीक्षेलाही कळायला हवा.

हेच माप आजच्या कवितेला लावून पाहावे. केशव मेश्रामांच्या एका गाजलेल्या कवितेत माणूस देवाला सरळ शिव्या घालतो. ती आपण विद्रोहाचा नमुना म्हणून वर्गात शिकवतो. पण शिवी देण्यासाठीसुद्धा समोर देव लागतो. नुसत्या शिवीमुळे ती कविता मोठी झालेली नाही. ती मोठी आहे कारण तिच्यात देवाला कष्टकऱ्याच्या जागी उभे करून विचारणा केलेली आहे : हे श्रम, ही लाचारी तू केली असतीस का? देव येथे श्रमाच्या कसोटीला लावला आहे. मेश्रामांनंतर मात्र नुसत्या शिव्यांच्या कवितांचे पीक आले. त्या कवितांत देव शिव्या खातो आणि ग्रंथ, त्याचे आजचे मालक, त्यावर चालणारे विवाहमंडळ आणि पंचांग सुखरूप राहते. असल्या कवितेला विद्रोही म्हणताना आपण जरा थांबले पाहिजे.

आणि एक अवघड गोष्ट आपल्याच घरची. वर्षावासात विहाराविहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. आमच्याकडेही वाचतात. त्या वाचनाने अनेक बायाबापड्यांना प्रथमच आपले असे पुस्तक मिळाले, हे मी नाकारत नाही. 'आम्हाला धर्मपुस्तक नाही' असे म्हणणाऱ्या मुक्ताच्या लेकी-सुना आज हातात पुस्तक घेऊन बसतात, हे लहान काम नव्हे. परंतु काही ठिकाणी हे पुस्तक वाचले जाते ते पोथीसारखे. हार घालायचा, अध्याय वाचायचा, साधुकार द्यायचा आणि उठायचे. मध्येच कुणी तरुणाने शंका काढली तर ज्येष्ठ मंडळी डोळे वटारतात. आपल्या वचनाला प्रमाण मानू नका, तपासून घ्या, असे सांगणाऱ्या बुद्धाच्या पुस्तकापुढे शंका विचारायला बंदी! देव गेला आणि ग्रंथप्रामाण्य मागे उरले, तर आपण गाठीचा चुकीचा पदर सोडला असे म्हणावे लागेल.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी मडक्यासारखी वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही गोष्ट आमच्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. थापटणे हाती घेणाराने नामदेवांचा मोठेपणा पाहिला नाही. तेरला जाणारी आजी ही गोष्ट श्रद्धेने सांगते. नातवाने तिला अडाणी म्हणण्यापेक्षा एवढेच विचारावे, की मग हे थापटणे पोथीवर का पडले नाही? आजी देव सोडील की नाही, हा तिचा प्रश्न आहे. पण ती या प्रश्नावर विचार करू लागली, तर नातवाला विहारातही तोच प्रश्न मोकळेपणाने विचारता आला पाहिजे. तशी मुभा तिथे असावी, यासाठी आपण लेखक-शिक्षकांनी काय केले, याची विचारपूस यापुढे व्हावी.