काचेमागचे अरण्य

न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’मधील आफ्रिकी सस्तन प्राण्यांचे दालन १९३६ साली खुले झाले. ज्याच्या प्रतिभेतून ते साकारले, तो कार्ल एक्ली १९२६ मध्येच काँगोत निवर्तला होता. येथील २८ देखावे म्हणजे पेंढा भरलेल्या जनावरांची रांग नव्हे. एक्ली प्रथम प्राण्याचे स्नायूंसह मातीचे शिल्प घडवी, त्यावरून साचा काढून हलका, पोकळ पुतळा करी आणि मग त्यावर कातडे चढवी. मागची रंगविलेली भिंत वक्राकार असल्याने कोपरा दिसत नाही. क्षितिज खरेच दूर भासते. कारागिराचा हात जितका अदृश्य, तितके त्याचे यश मोठे.

मात्र याच पूर्णतेत या कलेचे न्यूनही आहे. गोरिलांच्या देखाव्यात सर्वत्र शांती नांदते. १९२१ साली त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांची खूण त्यात नाही. त्या शिकारीनंतर एक्लीनेच गोरिलांच्या रक्षणाचा आग्रह धरला आणि १९२५ मध्ये बेल्जियन काँगोत अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हा अंतःकरणाचा पालट रंगमातीत उमटला नाही. पाहणाऱ्याला थक्क करणारी कला श्रेष्ठ खरी. परंतु त्या सौंदर्याचे मोल कोणी दिले, हेही सांगणारी कला अधिक सत्यनिष्ठ होय.