वासुदेव बळवंतांचें आत्मवृत्त आणि पळस्प्याचा छापा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे पळस्पे, शिरढोण आणि कर्नाळा हीं तीन स्थळें एकापाठोपाठ लागतात. कर्नाळा किल्ला १८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें घेतला. शिरढोणास ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पळस्प्यावर १८७९ च्या मे महिन्याच्या १०-११ तारखेस त्यांच्या बंडांतील मोठा छापा पडला. शिरढोणास स्मारक आहे. पळस्प्याचा प्रसंग मात्र गौरवपर लेखनांत बहुधा एका वाक्यांत उरकला जातो. एकाच बंडाच्या या दोन स्थळांस इतका विषम न्याय कां मिळावा? याचें कारण फडके यांचें आत्मवृत्त ज्या रीतीनें वाचलें जातें त्या रीतींत आहे, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम साधनाचें स्वरूप पाहूं. फडके यांचें आत्मवृत्त व रोजनिशी हीं दोन्हीं पुढें सरकारच्या हातीं पडलीं. १८७९ च्या जुलैंत देवरनावडगी येथें मेजर डॅनियल यानें त्यांस पकडलें आणि पुण्यास त्यांच्यावर खटला झाला. आज सामान्य अभ्यासकास मिळतो तो या लेखांचा इंग्रजी तर्जुमा. मुंबई सरकारनें १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांच्या पहिल्या खंडांत तो छापला आहे. म्हणजे मूळ शब्द आणि आपण यांच्यामध्यें सरकारी भाषांतरकार उभा आहे. या इंग्रजीवरून पुन्हां मराठी करून तीं वाक्यें अवतरणचिन्हांत घालणें व तीं फडक्यांचींच म्हणून सभेंत वाचणें, हें गौरवाचें काम असेल, संशोधनाचें नव्हे. उलथा असेल तेथें उलथा म्हणून स्पष्ट लिहावें. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे.

आतां मजकुराकडे वळूं. १८७६-७७ च्या दुष्काळांतील लोकांचे हाल, इंग्रजी राज्य घालविण्याचा निश्चय आणि त्याकरितां केलेली पायपीट, एवढा भाग गौरवकार आवडीनें घेतात. त्याच लेखांतील अपयशाची कबुली ते गाळतात. वास्तविक वरिष्ठ वर्गाकडून साहाय्य न मिळाल्यावर एकट्यानें पुढें जाणारा आणि आपलें कार्य फसलें हें आपल्याच हातानें लिहून ठेवणारा मनुष्य हा अधिक धैर्याचा होय. ती कबुली वगळल्यानें त्यांचा मोठेपणा वाढत नाहीं, उणा होतो.

याहून गंभीर प्रश्न रामोशी साथीदारांचा आहे. त्यांची दृष्टि लुटीवर होती, ही फडके यांची तक्रार पुष्कळांनीं अंतिम निर्णय म्हणून स्वीकारली आहे. पण तक्रार आणि निर्णय यांत अंतर असतें. निराश झालेल्या नायकानें आपल्या अनुयायांविषयीं काढलेले उद्गार हे एका पक्षाची जबानी होत. दुसऱ्या पक्षानें कांहीं लिहून ठेवलें नाहीं, म्हणून ती खरी ठरत नाहीं. शिवाय प्रत्येक उद्गार ज्या प्रसंगाविषयीं असेल त्या प्रसंगापुरताच धरला पाहिजे. फेब्रुवारींत धामारीस जमलेल्या मंडळींवरील टीका मे महिन्यांतील पळस्प्याच्या मंडळींस लावतां येत नाहीं. पळस्पे व चिखली येथील छाप्यांचें प्रत्यक्ष नेतृत्व दौलतराव नाईक यांच्याकडे होतें. छाप्यानंतर घाटमाथ्याकडे परततांना पाठलाग करणाऱ्या डॅनियलच्या तुकडीशीं त्यांची गांठ पडली आणि तेथें ते गोळी लागून ठार झाले. फडके यांस एडन येथें १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं मरण आलें. दौलतरावांस तें पावणेचार वर्षें अगोदर आलें. दोघांच्या हेतूंविषयीं मतभेद होवोत, दोघांनीं प्राण दिले याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल कीं पळस्प्यास लुटले गेले ते इंग्रज नव्हते, आपल्याच मुलखांतील लोक होते. हा आक्षेप खरा आहे आणि तो दडवूं नये. परंतु त्याचा भार एकट्या दौलतरावांवर टाकून फडके यांस मोकळें ठेवणें न्यायाचें नाहीं. धनिकांस लुटून शिबंदीचा खर्च उभा करणें ही बंडाची मूळ योजनाच होती, आणि ती योजना फडके यांची होती.

‘आद्य क्रांतिकारक’ या बिरुदासंबंधींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. उमाजी नाईक यांस पुण्यास ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं फांशी दिलें, तेव्हां फडके यांच्या जन्मास तेरा वर्षांहून अधिक अवकाश होता. ‘आद्य’ हा शब्द आदरानें योजला असेल तर आमची हरकत नाहीं. कालक्रमाचें विधान म्हणून तो टिकत नाहीं. फडके यांची योग्यता त्या विशेषणावर अवलंबूनही नाहीं.

यापुढील काम कागदांचें आहे. १८७९ मध्यें पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांत होता. तो कुलाब्यास जोडला गेला १८८३ सालीं. म्हणून या छाप्याचे सरकारी कागद कुलाब्याच्या दप्तरांत हुडकणाऱ्यानें अगोदर ठाण्याचें दप्तर पहावें. खासगी दप्तरांत शके १८०१ च्या वैशाख वद्य पक्षाच्या व त्यापुढील दोन महिन्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या तपासाव्या. गेलेल्या ऐवजाच्या, पहाऱ्याच्या आणि जबान्यांसाठीं झालेल्या हेलपाट्यांच्या खर्चाच्या नोंदी अशाच वह्यांत सांपडण्याचा संभव असतो, आणि त्यांत एखाद्या साथीदाराचें नांवही निघूं शकेल. पनवेल, पळस्पे, चिखली व शिरढोण येथील जुन्या घरांत असे मोडी कागद असतील त्यांनीं ते रद्दींत जाऊं न देतां त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी.