चौकशीला आलेले दोघे

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला हिरवागार उतार येतो. त्या उतारावर माणसं नसतात, शेजारीपाजारी तर नाहीतच. रॉल्फ लिसी यांच्या ‘डी श्वायट्झरमाखर’ (1978) या चित्रपटातलं स्वित्झर्लंड मात्र झुरिचच्या जिन्यांवर, दारांच्या फटींत आणि पोलिसांच्या फायलींत सापडतं. नावाचा अर्थ ‘स्विस घडवणारे’. नागरिकत्वासाठी अर्ज केलेला परदेशी माणूस पुरेसा ‘आपल्यासारखा’ झाला आहे की नाही, हे तपासायला साध्या वेशातले दोन पोलीस घरोघर फिरतात, शेजाऱ्यांना विचारतात, मालकाला भेटतात, घरात येऊन बसतात. एवढ्यावर उभी असलेली ही कॉमेडी सुमारे 9 लाख 40 हजार लोकांनी थिएटरात जाऊन पाहिली. देशाची लोकसंख्या तेव्हा 63 लाखांच्या आसपास होती. इतके प्रेक्षक दुसऱ्या कुठल्याही स्विस चित्रपटाला आजवर मिळालेले नाहीत.

स्थलांतरितांवरचा चित्रपट म्हटला की कॅमेरा त्यांच्या खांद्यावर असणार, असं आपण गृहीत धरतो. लिसी तो चौकशी करणाऱ्यांच्या खांद्यावर ठेवतात, आणि मला वाटतं, चित्रपटाचं सगळं बळ तिथेच आहे. वालो ल्युअँड यांचा बोडमर हा मुरलेला अधिकारी. तो दुष्ट नाही, लाचखाऊ नाही. आपण देशाची राखण करतोय अशी त्याची मनापासून खात्री आहे, आणि म्हणून तो जास्त अंगावर येतो. त्याच्या हाताखाली शिकणारा फिशर म्हणजे एमिल श्टाइनबर्गर. एकट्याने रंगमंच गाजवणारा हा विनोदवीर तेव्हा घराघरात ‘एमिल’ या नावानेच ओळखला जायचा. लोक तिकीट काढत ते एमिलसाठी, आणि आत जाऊन बसल्यावर त्यांना आपल्याच जिन्यातले शेजारी दिसत. फिशरचं मन युगोस्लावियातून आलेल्या मिलेना या नर्तकीत गुंततं. ती आपल्या मर्जीने जगते, आणि नेमकं तेच शेजाऱ्यांना खुपतं.

अर्जदारांत एक जर्मन मानसोपचारतज्ज्ञ आहे. शिकलेला, पैसेवाला, आणि स्विस दिसण्यासाठी स्विसांहून जास्त धडपडणारा. त्याची अडचण प्रेक्षकाला त्याच्या पहिल्याच वाक्यात कळते, कारण तो प्रमाण जर्मन बोलतो आणि भोवतीचे सगळे झुरिचच्या बोलीत. मी हा चित्रपट सबटायटल्सच्या आधारे पाहिला. खालच्या पट्टीत दोघांची भाषा एकसारखी सपाट होऊन येते, आणि अर्धा विनोद तिथेच सांडतो. मालवणी नाटक पुस्तकी मराठीत वाचून दाखवलं तर काय उरेल, याचा ज्याला अंदाज आहे त्याला हे नुकसान लगेच कळेल.

हे हसू कोणत्या काळात उमटलं, हे लक्षात घ्यायला हवं. 7 जून 1970 रोजी जेम्स श्वार्झनबाख यांच्या प्रस्तावावर देशभर मतदान झालं. जिनिव्हा वगळता कुठल्याही कॅन्टनमध्ये, म्हणजे प्रांतात, परदेशी लोक दहा टक्क्यांहून जास्त नकोत, असा तो प्रस्ताव. 54 टक्के मतांनी तो फेटाळला गेला, म्हणजे 46 टक्के लोकांना तो हवा होता. मत देणारे सगळे पुरुषच, बायकांना देशपातळीवर मताधिकार मिळाला 1971 मध्ये. इटलीहून येणाऱ्या हंगामी मजुराला नऊ महिन्यांचा परवाना मिळे आणि बायकामुलांना सोबत आणायला मनाई असे. तरी काहींनी मुलं आणलीच. आई-बाप कामावर गेले की ती बंद खोलीत आवाज न करता दिवस काढत, दार वाजलं की कपाटात लपत. बोडमरची थाप पडल्यावर थिएटरात हशा पिकत होता, तेव्हा त्याच शहरात कुठेतरी एखादं मूल श्वास रोखून बसलेलं असणार.

ती दुसरी बाजू इटलीने सांगितली, चार वर्षं आधी. फ्रांको ब्रुसाती यांच्या ‘पाने ए चोकोलाता’मध्ये नीनो मानफ्रेदी वेटरच्या भूमिकेत आहे. परवाना गेल्यावर तो कोंबड्यांच्या खुराड्यात राहणाऱ्या आपल्या देशबांधवांकडे पोचतो. खुराड्याच्या जाळीतून ते सगळे बाहेर बघतात, तर ओढ्यावर सोनेरी केसांची स्विस तरुण मुलं आंघोळ करत असतात. जाळीला चेहरे चिकटवून बघणारी ती माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत. पुढे नीनो स्वतःचे केस सोनेरी रंगवतो आणि बारमध्ये स्विसांत मिसळून फुटबॉल बघत बसतो. इटलीने गोल केला की मात्र त्याला राहवत नाही, तो ओरडतोच. लिसींचा चित्रपट या उंचीचा नाही, हे मी मोकळेपणाने म्हणेन. पण स्वतःच्या घराकडे बोट दाखवण्याचं काम इटालियन दिग्दर्शक स्विसांसाठी करू शकत नव्हता.

मग स्विस चित्रसृष्टीने या यशाचं काय केलं? देशाने चित्रपटाला सरकारी मदत देणारा कायदा त्याआधीच, 1963 मध्ये, लागू केला होता. फ्रेंच भागात आलँ तानेर, क्लोद गोरेत्ता, मिशेल सुतेर यांनी टेलिव्हिजनशी हातमिळवणी करून जगभर नाव कमावलं. पण जिनिव्हात गाजलेला चित्रपट झुरिचला परका आणि झुरिचचा जिनिव्हाला. आधीच छोटी बाजारपेठ, तिचेही भाषेगणिक तुकडे. पॅरिस आणि हॉलिवूडचे चित्रपट दारात उभे असताना अशा तुकड्यावर निर्माता धोका पत्करत नाही. लोकप्रिय विनोद मग सुरक्षित जागी गेला. ‘माइन नामे इस्ट ऑइगेन’ (2005) आणि ‘डी हेर्ब्स्टत्साइटलोझेन’ (2006) हे दोन्ही चित्रपट खूप चालले. एकात जुन्या काळातली खोडकर मुलं, दुसऱ्यात खेड्यातल्या जिद्दी आज्या. गोड आहेत, नीट बांधलेले आहेत, पण त्यांच्या दारावर थाप मारायला कुणी येत नाही.

खरं तर विषय संपला नव्हता. 2000 मध्ये लुसर्नजवळच्या एमेन गावात नागरिकत्वाचे अर्ज थेट मतदानाला टाकले गेले आणि फक्त इटालियन अर्जदारांना होकार मिळाला. कपाटातल्या मुलांचे आई-बाप आता चालणार होते, मिलेनाची माणसं नव्हे. असं मतदान घटनाबाह्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाला 2003 मध्ये सांगावं लागलं. बोडमर निवृत्त झाला असेल, पण त्याची वही गावाने हातात घेतली होती.

या विषयाला पुढे भिडले ते बहुतांशी स्थलांतरितांच्या घरातले दिग्दर्शक. स्पॅनिश घरात जन्मलेले आणि हंगामी मजुरीला आलेल्या आई-बापांनी लहानपणी चोरून देशात आणलेले फेर्नांद मेल्गार यांनी ‘ला फोर्तरेस’ (2008) या माहितीपटात आश्रय मागणाऱ्यांचं केंद्र आतून दाखवलं. बगदादमध्ये जन्मलेले समीर 2024 च्या माहितीपटात पुन्हा त्या इटालियन मजुरांकडे वळले. आणि आन्द्रेया श्टाका यांचा ‘दास फ्रॉइलाइन’ (2006). लोकार्नो महोत्सवात ‘सुवर्ण बिबट्या’ हा पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट झुरिचमध्ये पूर्वीच्या युगोस्लावियातल्या तीन बायकांची गोष्ट सांगतो. बेलग्रेडहून आलेली रुझा कँटीन चालवते. तिचं वागणं नेमकं, शिस्तीचं, कोरडं. पंचवीसेक वर्षांत ती बोडमरच्या सगळ्या परीक्षा पास झालेली बाई आहे.

हे सगळे चित्रपट गंभीर आहेत, आणि मला त्यांचं मोल कळतं. पण रुझाच्या कँटीनमध्ये हसू होतं, असणारच. रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या स्विस गिऱ्हाइकांबद्दल गल्ल्यामागच्या बायका आपल्या भाषेत काय बोलत असतील, ते मला थिएटरात बसून ऐकायचं आहे. 2022 च्या सार्वमतानंतर स्ट्रीमिंग कंपन्यांना देशातल्या उत्पन्नाचा चार टक्के वाटा स्विस निर्मितीत घालावा लागतो, म्हणजे पैशाची वाट थोडी मोकळी झाली आहे. त्या पैशातून पहिली कॉमेडी निघावी ती दाराच्या आतल्या बाईची. दोघे चौकशीला आले आहेत, ती त्यांना कॉफी देते, आणि या वेळी प्रश्न ती विचारते.