मिशनरी वाङ्मयातील श्रोता : 'ख्रिस्तपुराण' ते 'तृतीय रत्न'

प्रास्ताविक :
मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मिशनऱ्यांच्या कार्याला एक ठरावीक प्रकरण लाभलेले असते. मुद्रण, व्याकरण, शाळा, नियतकालिके यांची नोंद त्यात येते आणि हे सारे धर्मप्रसारासाठी होते असा शेरा शेवटी जोडला जातो. नोंदीवर भर देणारा अभ्यासक कृतज्ञ होतो, शेऱ्यावर भर देणारा साशंक. परंतु या दोन्ही भूमिका मिशनऱ्यालाच एकमेव कर्ता मानतात. ज्यांना उद्देशून तो बोलला, ते दोहोंतही मूक राहतात. मिशनरी वाङ्मयाचा अर्थ त्यातील श्रोत्याच्या बाजूने तपासला तर काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विनंतीतून घडलेले पुराण :
इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. ओवीबद्ध रचना, अवस्वरूचा पुराणिकाचा थाट आणि मराठीचे मुक्तकंठाने केलेले कौतुक यांमुळे ते समीक्षकांना प्रिय ठरले. मात्र त्याच्या आरंभीच्या प्रसंगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पूर्वीची पुराणे आता वर्ज्य झाली, तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही द्यावे, अशा आशयाची मागणी तेथे एक धर्मांतरित ब्राह्मण करतो. म्हणजे पुराणाचा घाट ही केवळ लेखकाची युक्ती नाही; तो श्रोत्याने घातलेला आग्रह आहे.

हा श्रोता मुक्त नव्हता, हेही तितकेच खरे. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन कार्यरत होते आणि 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. ज्या सत्तेने जुने ग्रंथ हिरावले, त्याच सत्तेच्या छायेत नवा ग्रंथ मागितला जात होता. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. तेव्हा 'ख्रिस्तपुराणा'चे भाषावैभव हा मिशनरी उदारतेचा निर्विवाद पुरावा मानता येत नाही. ते एका हिरावलेल्या वस्तूच्या भरपाईचे वाङ्मय आहे आणि त्याच्या गोडव्यात ती हानीही नोंदलेली आहे.

यमुनेचे ऐकणे :
बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (1857) ही कादंबरी विधवाविवाहाच्या 1856 च्या कायद्यानंतर लगेच प्रसिद्ध झाली. पदमनजी स्वतः 1854 मध्ये ख्रिस्ती झाले होते. येथे उपदेशक परका नाही. कालचा श्रोताच लेखक झाला आहे. कादंबरीतील दोन स्तर सहज वेगळे करता येतात. यमुना गावोगावच्या विधवांची कहाणी ऐकते, तेथे गद्य सजीव होते. केशवपन, उपासमार, घरातील अवहेलना हे तपशील बोलीतून येतात. त्याच कहाण्यांवर धर्मोपदेशाचे तात्पर्य बेतले जाते, तेथे संवादाला प्रश्नोत्तरीची कळा येते. 'मिशनरी मराठी' म्हणून जिची हेटाळणी होते, ती भाषा मुख्यतः या दुसऱ्या स्तरावर आढळते. म्हणून हा दोष परक्याच्या व्याकरणाचा म्हणता येत नाही. पदमनजींची मातृभाषा मराठीच होती. उत्तर आधी ठरवून प्रश्न ऐकला की भाषा निर्जीव होते, एवढाच त्याचा अर्थ.

श्रोत्याचे वक्ता होणे :
जोतीराव फुले यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. अहमदनगर येथील सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेचा त्यांच्या कार्यावर प्रभाव पडला. 1855 मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात त्यांनी पाद्रीला पात्र म्हणून उभे केले. पाद्री शेतकरी दांपत्याला भटाची लबाडी उलगडून दाखवतो; पण ते दांपत्य अखेरीस चर्चकडे न वळता शिक्षणाकडे वळते. मिशनऱ्याचा युक्तिवाद स्वीकारून त्याचा निष्कर्ष नाकारणारा हा श्रोता आहे. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

ज्यांनी धर्म स्वीकारला, त्यांच्या बाबतीतही हीच प्रक्रिया दिसते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तेथील भगिनीसंघाच्या अधिकारापुढे स्वतःची विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. पुढे त्यांनी सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून सोप्या मराठीत बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. अभंग व कीर्तन यांतून त्यांनी आपली भक्ती मांडली आणि 1917 मध्ये मिशनच्या नोकरीबाहेर पडून 'देवाचा दरबार' उभारला. धर्म घ्यावा, पण मिशनचे पालकत्व नको, ही दोघांचीही भूमिका होती.

निष्कर्ष :
मिशनऱ्याचा हेतू आणि त्याच्या कार्याचा परिणाम हे सारखे नसतात, एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. त्या दोहोंमधील अंतर श्रोत्याने निर्माण केले आहे. कधी त्याने घाट मागितला, कधी युक्तिवाद उचलून निष्कर्ष टाकला, तर कधी धर्म घेऊन संस्था नाकारली. हे वाङ्मय वर्गात शिकवताना 'मिशनऱ्यांनी मराठीला काय दिले' हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. या प्रश्नात मराठी समाज केवळ घेणारा ठरतो. 'मराठी माणसाने काय ऐकले, काय नाकारले आणि कोणत्या दडपणाखाली' असा प्रश्न विचारला, तर कृतज्ञता व संशय या दोन्ही ठरीव प्रतिक्रिया मागे पडतील आणि संहितांचे वाचन सुरू होईल.