जळत्या इमारतीबाहेरचा माणूस : अरुणा शानबाग निकालाचं एक वाचन

मागच्या व्याख्यानात कर्तव्य या कल्पनेवर बोलत होतो, तेव्हा एका श्रोत्यांची चिठ्ठी आली होती : 'व्हेंटिलेटर बंद करणं म्हणजे मारणं की मरू देणं?' वेळ संपली होती, ती चिठ्ठी खिशातच राहिली. आज तोच प्रश्न घेऊ, पण हवेत नको. अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल समोर ठेवू. वकील मंडळी तो कायदा म्हणून वाचतात. आम्ही तो नीतिशास्त्रातला युक्तिवाद म्हणून वाचणार आहोत, आणि तसा वाचला की त्याचा पायाच डळमळीत दिसतो.

हकिकत बहुतेकांना माहीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती त्याच रुग्णालयात, सहकारी परिचारिकांच्या हाती, ४२ वर्षं पडून राहिली. लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने अर्ज केला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी तो फेटाळला, आणि फेटाळता फेटाळता 'निष्क्रिय' दयामरणाला मात्र देशात वाट करून दिली.

आता आधी शब्दाकडे बघा. आपली वर्तमानपत्रं तेव्हा सर्रास 'इच्छामरण' लिहीत होती. कुणाची इच्छा? भीष्मांना इच्छामरण होतं, कारण इच्छा त्यांची होती. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं, तेही त्यांनी स्वतः, शुद्धीवर असताना. ही उदाहरणं अशा चर्चेत हमखास येतात, आजही चिठ्ठीवर येतील, पण ती इथे लागू पडत नाहीत. अरुणाची इच्छा कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती कळण्याचा मार्गही उरला नव्हता. मराठीने एका शब्दात हा सगळा प्रश्नच गिळून टाकला.

निकालाचा कणा आहे तो कृती आणि अकृती यांतल्या भेदाचा. इंजेक्शन देऊन मारणं हा गुन्हा. जगवण्यासाठी काही न करणं, हे वेगळं. त्यासाठी निकालात एक दृष्टांत दिलाय. इमारत पेटली आहे, आत माणसं ओरडताहेत. कुणी धावत आत शिरून एखाद्याला बाहेर काढलं तर लोक त्याला वीर म्हणतील. पण कुणी बाहेरच उभा राहिला, तर त्याला खुनी म्हणणारे फार थोडे निघतील. दृष्टांत ऐकायला पटतो. पण बाहेर उभा असलेला माणूस कोण आहे, हे त्यात विचारलेलंच नाही!

तो रस्त्याने जाणारा असेल तर ठीक. तो अग्निशमन दलाचा जवान असेल तर? आणि डॉक्टर हा त्या वाटसरूसारखा आहे की जवानासारखा? रुग्ण त्याने दाखल करून घेतलाय, नळी त्यानेच घातली आहे. त्याने 'मी फक्त काही केलं नाही' म्हणून कसं चालेल? त्यात व्हेंटिलेटर बंद करायला हात लागतो, बटण दाबावं लागतं. ती कृतीच आहे. जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्येच हा भेद नैतिकदृष्ट्या पोकळ असल्याचं दाखवलं होतं. आम्ही तितके टोकाला जात नाही. आमचं म्हणणं एवढंच : उपचार थांबवणं योग्य असेल, तर ते 'न करणं' आहे म्हणून योग्य ठरत नाही. त्या उपचाराने रुग्णाचं काही भलं व्हायचं राहिलेलं नाही, किंवा रुग्णाने तो नाकारला आहे, आणि म्हणून तो चालू ठेवण्याचं कर्तव्य संपलं आहे, यासाठी ते योग्य ठरतं. प्रश्न कर्तव्य केव्हा संपतं हा आहे. निकालाने तो टाळून हाताची हालचाल मोजली.

हे शब्दांचे खेळ नाहीत. त्या निकालाने प्रत्येक प्रकरणात उच्च न्यायालयाची परवानगी सक्तीची केली होती. २०१४ साली आमच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मेंदूत रक्तस्राव झाला. वय ८१. अकराव्या दिवशी डॉक्टरांनीच सांगितलं की आता काही होणार नाही. आम्ही भावंडं म्हणालो, मग नळी काढा. तो तरुण डॉक्टर खाली बघून म्हणाला, "सर, आम्ही नाही काढू शकत. तुम्ही तुमच्या जबाबदारीवर घरी न्या." एक छापील कागद पुढे आला : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्ण नेत आहोत. सल्ला तर त्यांचाच होता! सही आम्ही केली. रुग्णवाहिकेत विशीतला एक मुलगा वाटभर हाताने फुगा दाबून श्वास देत होता. घरी अक्काला पलंगावर ठेवल्यावर त्याने विचारलं, "काका, थांबू का?" आम्ही मान हलवली.

नीतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या क्षणी कळलं की जबाबदारी सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या पोराच्या हातात येऊन पडली आहे. डॉक्टर वाटसरू झाले होते. दृष्टांत चुकला की व्यवहार असा चुकतो. आमची तक्रार त्या डॉक्टरवर नाही. परवानगी मागायला व्हेंटिलेटरवरच्या बहिणीला ठेवून उच्च न्यायालयात कोण जाणार होतं?

अर्थात त्याच निकालात एक गोष्ट अस्सल आहे, आणि तिच्याकडे टीकाकारांचं फारसं लक्ष जात नाही. विराणी नव्हे, तर केईएमचे कर्मचारी हेच अरुणाचे खरे निकटवर्ती, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे बोलण्याचा अधिकार रोज अंग पुसणाऱ्याला, भरवणाऱ्याला. मासे किंवा चिकन सूप दिलं की ती हसते, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं होतं. हे फक्त भरवणाऱ्यालाच दिसतं. पण इथेही आम्हाला एक खडा लागतो. परिचारिकांनी तिला जगवलं ते तिच्यासाठी, की त्यांच्या स्वतःच्या निष्ठेसाठी? प्रेमाने घेतलेला निर्णय आपोआप त्या माणसाचा निर्णय होत नाही. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियाने गेली, तोवर हा प्रश्न तसाच होता, आणि त्या बायकांच्या सेवेपुढे तो विचारायला जीभ रेटत नाही हेही खरं.

९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा गाडा पुढे नेला. २०११ च्या निकालाने ग्यान कौर हा जुना निकाल चुकीचा वाचला होता, हेही तिथे नोंदलं गेलं. प्रतिष्ठेने मरणं हे जगण्याच्या हक्कात आलं, आगाऊ लिहून ठेवलेल्या निर्देशाला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये त्यातली दंडाधिकाऱ्याच्या सहीची अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालू लागला. डॉक्टरांची दोन मंडळं ठरवतात, आणि तेही शक्यतो ४८ तासांत. व्यवहार सुधारला. पण सक्रिय-निष्क्रिय हा भेद मात्र तसाच ठेवला गेला, आणि तो अजून एका ठिकाणी चावतो : अन्न.

अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हती हो. श्वास स्वतःचा होता. कित्येक वर्षं तिला तोंडाने मऊ केलेलं अन्न भरवलं गेलं, नळी आली ती शेवटच्या काळात. अर्जातली मागणी होती भरवणं थांबवण्याची. ब्रिटनमध्ये १९९३ साली अँथनी ब्लँडच्या प्रकरणात नळीचं अन्न हा उपचारच मानला गेला. मग चमच्याने भरवलेली पेज? उपचार की शेजधर्म? आजारी माणसाच्या तोंडात दोन घास घालणं ज्या घरांत सगळ्यात मोठं पुण्य, तिथे हा घास थांबवण्याला 'निष्क्रिय' म्हणणं कुणाला पटेल?

आम्ही दोघा नवराबायकोंनी आपापला निर्देश लिहायला घेतला आहे. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं, सगळं पाच मिनिटांत ठरलं. अन्नाच्या कलमावर तीन संध्याकाळी गेल्या. बायको म्हणते, नळी नको पण चमचा असू दे. आम्ही विचारलं, किती दिवस? ते कलम अजून पेन्सिलीतच आहे.

बरं, चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या बघू.