खाडा कोण भरून देणार?

क्लबचा इतिहास हा लेखनप्रकार मला मनापासून आवडतो, आणि तितकाच त्याचा संशयही येतो. इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या रग्बी क्लबचं शताब्दी-पुस्तक घ्या, नाहीतर आपल्याकडच्या कबड्डी संघाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका घ्या, सांगाडा एकच. स्थापना, पहिलं मैदान, मधले हलाखीचे दिवस, मग ढाल, मग नवं क्लबहाउस. आमच्या मावळात क्लबहाउसच्या जागी व्यायामशाळा येते आणि पहिल्या पानावर आमदारांचं शुभेच्छापत्र. आयटीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर या रिलीज नोट्स असतात. नवीन काय आलं ते कळतं. रात्री दोन वाजता सर्व्हर कोणी उठवला, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

या प्रकारातली सगळ्यात देखणी गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला आणि त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण तिथल्या उकाड्यात हा खेळ रुजेना. पोलो आणि टेनिसने माणसं पळवली. क्लबातली फुकट दारू बंद झाल्यावर उरलेलेही पांगले, असं सांगतात. १८७८ मध्ये क्लब मोडला. बँकेत जे चांदीचे रुपये शिल्लक होते ते काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवून इंग्लंडला धाडला. त्याला कान म्हणून तीन नाग आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी खेळतात. पहिला सामना एडिंबरात झाला आणि बरोबरीत सुटला.

गोष्ट इतकी गुळगुळीत आहे की प्रश्न विचारायला कुठे बोटच शिरत नाही. एक क्लब मरतो आणि मरताना आपल्या शिलकीचा दागिना करून जातो. व्वा! पण चांदी वितळवणारे आणि नाग घडवणारे हात देशी कारागिरांचे होते, आणि त्यांची नावं या गोष्टीत येत नाहीत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या मैदानावर खेळणाऱ्या एकाही माणसाचा खेळापायी पगार कापला गेला नसणार. व्यापारी, अधिकारी, पलटणीतले साहेब. त्यांच्यासाठी ‘हौस’ हा शब्द खरोखरच हौसेचा होता.

हौसेचा हिशेब मांडणारं एक पुस्तक आहे, टोनी कॉलिन्स यांचं ‘रग्बीज ग्रेट स्प्लिट’ (१९९८). उत्तर इंग्लंडच्या क्लबांत गिरणीतले, खाणीतले कामगार खेळत. शनिवारी लांबच्या गावी सामना असला की त्यांना काम सोडून जावं लागे आणि त्या वेळेची मजुरी बुडे. यॉर्कशरच्या क्लबांनी १८९३ मध्ये रग्बी युनियनपुढे ठराव मांडला, की निदान बुडालेली मजुरी तरी भरून द्या. इंग्रजीत याला ‘ब्रोकन टाइम’ म्हणतात. आपल्याकडे नेमका शब्द आहे, खाडा. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि खाड्याचे दिवसाला सहा शिलिंग मंजूर केले. आज आपण ज्याला रग्बी लीग म्हणतो तो खेळ इथून फुटला. युनियनने मात्र हौशीपणाचं सोवळं ऑगस्ट १९९५ पर्यंत सांभाळलं. शंभर वर्षं!

कॉलिन्स वाचताना आधी थोडं दमायला होतं. समित्या, ठराव, क्लबांची नावं यांचा मारा आहे. पण शनिवारची दुपार कोणाच्या मालकीची, हा प्रश्न ते सोडत नाहीत. ‘खेळासाठी खेळ’ हे तत्त्व ज्याचं पोट भरलेलं आहे त्याच्या सोयीचं होतं, हे ते घोषणा न देता दाखवतात. त्यानंतर इंग्लिश क्लबांची गोड पुस्तकं पूर्वीसारखी वाचता येत नाहीत.

पुण्याकडे हाच प्रश्न जात घेऊन येतो. रामचंद्र गुहा यांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) क्रिकेटवर असलं तरी माझ्या मते आपल्याकडच्या क्लबांचा सगळ्यात चांगला इतिहास तेच आहे. वंश, जात, धर्म, राष्ट्र असे त्याचे चार भाग. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर रोलर ओढायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना गोलंदाजी करायचा. बॅट त्याच्या हातात कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला जिंकायला तोच लागला. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये भाऊ विठ्ठलला मिळालं.

जातीवरचा भाग विलक्षण आहे. नंतर-नंतर पुस्तक सामन्यांच्या वर्णनात रेंगाळतं, तिथे मी पानं भराभर उलटली. एक गोष्ट मात्र बोचते. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ साली. गुहांनी ते वापरलं. आणि माझ्यासारख्या मराठी वाचकाला त्याचा पत्ता इंग्रजी पुस्तकातून लागतो! आपल्या स्मरणिकांचे संपादक त्याच्या वाटेलाही जात नाहीत.

हे सगळं आता का काढलं, तर आमच्या गावच्या कबड्डी संघाची स्मरणिका निघते आहे आणि ‘तू कम्प्युटरवाला आहेस’ म्हणून मांडणी माझ्याकडे आली. जमलेला मजकूर मी वाचलाय. ढाली आहेत, उद्घाटनं आहेत, यात्रेतल्या प्रकाशझोतातल्या सामन्यांचे फोटो आहेत. मावळातला कबड्डीपटू नोकरी काय करतो, याबद्दल एक ओळ नाही. कोणी चाकणला कंत्राटावर, कोणी तळेगावच्या कारखान्यात तीन पाळ्यांत, कोणी लोणावळ्यात दुसऱ्याच्या बंगल्याची राखण करतो. भातलावणीच्या दिवसांत सराव बंद पडतो, तेही नाही. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच ‘अमॅच्युअर’ आहे. हा शब्द आपण कोणाकडून उचलला आणि तो कोणाला परवडतो, हे विचारायला अख्ख्या स्मरणिकेत जागा निघालेली नाही. जाहिरातींना चौदा पानं आहेत.

मजकुरासोबत संघाची जुनी जमाखर्चाची वही आली होती. गाडीभाडं, बर्फ, लिंबं, आयोडेक्स, आणि मध्येच दोनदा, ‘खाड्याचे’. पुढे एका चढाईपटूचं नाव आणि रक्कम. बक्षिसाच्या पैशातून संघाने त्याची बुडालेली मजुरी भरून दिली होती. हडर्सफील्डला जे ठरवायला हॉटेलात बैठक घ्यावी लागली, ते इथे कोणीतरी निळ्या पेनाने दोन ओळींत उरकलं होतं.

ढालीसोबतच्या फोटोत तो चढाईपटू नाही. मी चौकशी केली. बक्षीस वाटप होईपर्यंत तो थांबला नव्हता, पहिल्या पाळीला कामावर जायचं होतं.

ते पान स्कॅन करून मी ढालीच्या फोटोशेजारी लावलंय. समितीतल्या एका काकांनी प्रूफ बघून सांगितलं, “हे काढ बाबा, लोक म्हणतील पैसे देऊन पोरं खेळवली.” दुसरे म्हणाले, राहू दे, पण रक्कम पुसून टाक. मी अजून काहीच पुसलेलं नाही. फाइल सोमवारी प्रेसला जाईल.